चौकड्यांचा मफलर आणि लाल बिल्ला

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा ग्लासगोहून आला होता. येताना त्याने माझ्यासाठी एक लोकरी मफलर आणला. लाल, निळा, हिरवा, असा चौकड्या-चौकड्यांचा. वर्ध्याची थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी, पण वय झाले की कान आधी गारठतात, त्यामुळे मला वस्तू आवडली. मी विचारले, "हे ते टार्टन ना? स्कॉटलंडच्या घराण्यांचे? मग हा चौकडा कुठल्या घराण्याचा?"

भाचा हसला. म्हणाला, "मामाजी, हा घराण्याचा नाही. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघाचे जे पाठीराखे आहेत ना, त्यांचा आहे. १९९७ साली तयार केला."

मला हसू आवरेना. मॅच पाहायला जाणाऱ्यांचे घराणे! मी इतिहास शिकवला तो तीस-बत्तीस वर्षे. टार्टन म्हणजे डोंगरात राहणारी जुनी कुळे, प्रत्येकाचा पिढीजात चौकडा, रणांगणावर कापडावरून आपला माणूस ओळखायचा, असे काहीतरी डोक्यात पक्के बसलेले होते. भाच्याने मग मोबाईलवर यादीच दाखवली. एका थंड पेयाच्या कंपनीचे टार्टन आहे. स्कॉटलंडमधल्या शिखांसाठी सरदार इक्बाल सिंग यांनी १९९९ साली 'सिंग' टार्टन करून घेतले. २००८ साली ज्यूंचे आले, २०१२ साली मुसलमानांचे. समलिंगी लोकांचे आहे. अमेरिकन पाणबुड्यांवरच्या खलाशांचेसुद्धा आहे. मी म्हणालो, "म्हणजे सगळा बाजार झाला म्हणा. खरे मागे पडले आणि खोटे पुढे आले."

हे वाक्य मी फार सहज बोलून गेलो. त्यानंतरचे दोन-तीन महिने ते मला टोचत राहिले, म्हणून हा लेख.

आधी टार्टन म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ते नीट ठाऊक नव्हते. कुठलाही चौकड्यांचा कपडा टार्टन नव्हे. उभ्या धाग्यांत रंगांचा एक क्रम ठरवायचा, अमुक धागे निळे, मग अमुक हिरवे, मग दोन पिवळे. तोच क्रम आडव्या धाग्यांत घालायचा. एक रंग स्वतःलाच छेदतो तिथे तो शुद्ध दिसतो, दुसऱ्याला छेदतो तिथे मिश्रण दिसते. दोन रंग घेतले तर कापडावर तीन छटा दिसतात, तीन घेतले तर सहा, सहा घेतले तर एकवीस. (आमच्या शाळेतले गणिताचे सर असते तर त्यांनी लगेच फळ्यावर सूत्र मांडले असते.) म्हणजे टार्टन हे चित्र कमी आणि हिशोब जास्त. धाग्यांची संख्या लिहून ठेवली की कुठलाही विणकर ते पुन्हा विणू शकतो. आता तर त्यासाठी स्कॉटलंडच्या संसदेने २००८ साली कायदा केला आणि २००९ पासून एडिंबरोला सरकारी नोंदवही सुरू झाली. फी भरा, धाग्यांचा क्रम द्या, नमुना खरोखर नवा असला पाहिजे, की नोंद होते. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढते तसेच!

आता माझ्या त्या 'खऱ्या' टार्टनांकडे वळू.

मी वाचत गेलो आणि एकेक वीट निखळत गेली. डोंगराळ भागात चौकड्यांचे कापड फार जुने आहे यात शंका नाही. पण अमुक चौकडा अमुक भावकीचा, ही वाटणी जुनी नाही. १७४५ मध्ये तिथे राजाविरुद्ध बंड झाले, ते मोडले, आणि पुढच्याच वर्षी इंग्रज सरकारने कायदा केला की डोंगरी पोशाख पुरुषांनी घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सात वर्षे काळे पाणी. सूट फक्त एकाला, सरकारच्या पलटणीत भरती झालेल्या शिपायाला. हा कायदा १७८२ पर्यंत टिकला. पस्तीस वर्षे म्हणजे एक पिढी. कपडे विरले, विणणाऱ्या म्हाताऱ्या गेल्या.

मग बंदी उठली आणि हौस आली. बॅनकबर्न गावात विल्सन नावाची विणकरांची पेढी होती. पलटणींना कापड पुरवता पुरवता तिने नमुने जमवले, नवे केले. नमुन्यांना आधी नुसते आकडे होते, पुढे गावांची, मग कुळांची नावे चिकटत गेली. १८१५ साली लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांना पत्रे पाठवली, की तुमचे टार्टन कोणते ते नमुन्यासह कळवा. तर त्यांतल्या कित्येकांना आपले टार्टन कोणते तेच ठाऊक नव्हते. म्हणजे राजेसाहेबांनी शिंप्याला विचारावे की बाबा, आमच्या घराण्याचा रंग कुठला? १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. त्या सोहळ्याची मांडणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने केली, सगळ्यांना टार्टन घालून या म्हणून सांगितले, आणि लठ्ठ राजा स्वतःही किल्ट घालून, आत कातडीच्या रंगाची तंग विजार चढवून उभा राहिला. त्यानंतर मागणी अशी वाढली की विणकरांना माग पुरेनात. १८४२ मध्ये दोन भावांनी एक जाडजूड ग्रंथ छापला, सोळाव्या शतकातल्या हस्तलिखितावरून कुळांची टार्टने दिली आहेत असे सांगून. ते हस्तलिखित बनावट होते. ग्रंथातले कित्येक नमुने मात्र आज त्या-त्या कुळाचे अस्सल टार्टन म्हणून मिरवतात.

म्हणजे फुटबॉलवाल्यांचा चौकडा १९९७ चा, आणि मी ज्यांना 'खरे' म्हणत होतो ते बरेचसे १८२२ च्या आगेमागचे. फरक आहे तो पावणेदोनशे वर्षांचा. दोन्ही कुणीतरी बसून ठरवलेले.

या टार्टनांचा आणि आपल्या भागाचा एक जुना संबंधही मला या निमित्ताने आठवला. १८०३ साली शिंदे-भोसल्यांविरुद्धच्या लढाईत वेलस्लीच्या फौजेत स्कॉटिश पलटणी होत्या. सप्टेंबरात असईला ७४ वी आणि ७८ वी, नोव्हेंबरात अकोला जिल्ह्यातल्या अडगावला त्यांच्या जोडीला ९४ वी. यातली ७८ वी मॅकेन्झी नावाच्या सरदाराने १७९३ मध्ये उभी केली, म्हणून तिचे टार्टन मॅकेन्झी. त्या पलटणीत भरती झालेला प्रत्येक जण काही मॅकेन्झी कुळातला नव्हता. पोटासाठी आला तो मॅकेन्झी झाला. पुढे गाविलगड पडला आणि १७ डिसेंबर १८०३ ला देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. आमची नदी सरहद्द झाली ती तेव्हा. शाळेत हा तह मी दरवर्षी शिकवत होतो, पण लढणाऱ्यांच्या अंगावर काय होते हा प्रश्न मला कधी पडला नाही.

कापडाचा प्रश्न खरे तर वर्धेकराला पहिल्यांदा पडायला हवा. आमच्या जिल्ह्याने कापूस पिकवला, हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकेकाळी विलायतेपर्यंत होते. आणि याच जिल्ह्यात कापडाने माणसांचा एक नवा गट तयार होताना मागच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला.

माझे वडील आयुष्यभर गांधी टोपी घालत. झोपताना उशाशी घडी करून ठेवत, सकाळी तोंड धुण्याआधी डोक्यावर. मला लहानपणी वाटे, आपले आजे-पणजेही अशीच टोपी घालत असतील. नाही! आजोबांच्या डोक्याला फेटा होता. टोपी वडिलांपासून सुरू झाली. काका कालेलकरांनी गांधीजींशी झालेले बोलणे लिहून ठेवले आहे. गांधीजींनी निरनिराळ्या प्रांतांतल्या पगड्या, टोप्या विचारात घेतल्या. पगडीला कापड फार लागते. काश्मिरी टोपी त्यांना बरी वाटली, घडी करून खिशात मावते. रंग पांढरा, कारण मळ दिसतो, म्हणजे धुवावी लागते. हे सगळे १९१९-२० च्या सुमाराचे. म्हणजे ती टोपीही कुणीतरी बसून ठरवलेली. विल्सनच्या पेढीत आणि साबरमतीत फरक एवढाच की इथे विकायचे काही नव्हते.

गंमत पाहा, ज्याच्या नावाची टोपी त्याने ती जेमतेम दोन-तीन वर्षे घातली. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरेला गांधीजींनी सदरा-टोपी सोडून पंचा धरला. ते वर्ध्याला राहायला आले १९३४ नंतर, शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, १९३६ मध्ये. तेव्हा डोके उघडेच. सेवाग्रामला सहल नेली की दरवर्षी एखादे तरी पोट्टे विचारायचे, "सर, गांधीजींच्या एकाही फोटोत गांधी टोपी काहून नाही?" मी उत्तर द्यायचो, पण त्या प्रश्नात किती अर्थ आहे ते मला आत्ता कळते आहे.

ती टोपी सरकारने पक्की केली असे माझे मत आहे. असहकाराच्या काळात कचेऱ्यांत, कोर्टांत तिला मज्जाव झाला, नोकऱ्या गेल्या, दंड झाले. १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला तेव्हा टोपी आणि तिरंगा दोन्ही डोळ्यांत खुपत होते, टोपी दिसली की शिपाई हिसकावत. ज्या कापडासाठी मार खावा लागतो ते कापड काही दिवसांत पूर्वापार आलेले वाटू लागते. स्कॉटलंडचा १७४६ चा कायदा आणि सोलापूर, दोन्हीकडे सरकारने एकच चूक केली.

झेंड्याचेही तसेच. १९२१ मध्ये पिंगली वेंकय्यांनी झेंडा आखून दिला. त्यात लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्यांचा. त्या झेंड्यासाठी १९२३ साली नागपुरात सत्याग्रह झाला, आमचे जमनालालजी बजाज त्यात पुढे होते आणि तुरुंगातही गेले. पण एकदा रंगाची वाटणी केली की 'आमचा कुठे?' हा प्रश्न येतोच. शिखांनी विचारला. शेवटी १९३१ मध्ये काँग्रेसने रंग बदलून केशरी, पांढरा, हिरवा केले आणि जाहीर केले की हे रंग कुठल्याच जमातीचे नाहीत, ते गुणांचे आहेत. ग्लासगोच्या शिखांना, ज्यूंना, मुसलमानांना आपापला चौकडा हवासा वाटला याचे मला पहिल्या दिवशी हसू आले होते. पण प्रश्न तोच होता. या देशात राहतो, इथलेच आहोत, मग या कापडात आम्ही कुठे? तिथे उत्तर निराळे दिले गेले एवढेच, एकाच कापडात सगळ्यांना बसवण्याऐवजी ज्याला त्याला माग उघडा करून दिला. ज्यूंच्या टार्टनमध्ये त्यांच्या पूजेतल्या द्राक्षरसाचा लाल आहे, आणि त्यांच्या धर्मात लोकर व जवस एका वस्त्रात मिसळायला मनाई आहे म्हणून तेही पाळलेले. मुसलमानांच्या टार्टनमध्ये धर्माच्या पाच स्तंभांच्या पाच पांढऱ्या रेघा, आणि निळा मात्र स्कॉटलंडचा. आता मला यात बाजार दिसत नाही.

सगळ्याच चौकड्यांना एवढे वजन नसते, तेही खरे. थंड पेयाच्या टार्टनला मी आजही हसतो. पाणबुड्यांच्या टार्टनचे पाहा. १९६४ साली होली लॉकच्या तळावरच्या अमेरिकन खलाशांसाठी 'पोलारिस' टार्टन केले. १९९२ मध्ये तळ बंद झाला. पाणबुड्या गेल्या, चौकडा राहिला. ॲलन बीन हे अंतराळवीर १९६९ मध्ये अपोलो १२ मधून चंद्रावर गेले, ते आपल्या मॅकबीन कुळाच्या टार्टनचा तुकडा बरोबर घेऊन. याला काय म्हणावे ते मला कळत नाही, पण वर्गात सांगितले असते तर पोरांना आवडले असते.

एक मात्र वाचून मी थांबलो. २०२५ साली नोंदवलेले टार्टन, चेटकिणी म्हणून मारल्या गेलेल्या बायकांचे. स्कॉटलंडमध्ये १५६३ पासून १७३६ पर्यंत चेटूकविरोधी कायदा होता. त्याखाली हजारोंवर खटले चालले, त्यांत बहुतेक बायका. त्यांच्या नावाने केलेल्या या कापडात काळा त्या काळोख्या काळाचा, करडा राखेचा, लाल रक्ताचा, आणि गुलाबी कशाचा तर खटल्याचे कागद ज्या फितीने बांधत तिचा. ज्या गटासाठी हे कापड विणले त्यातले कुणीच ते घालायला जिवंत नाही. खोटी नाणी असतात तशी ही टार्टने, असे म्हणणारा मी, त्या गुलाबी फितीपाशी बराच वेळ बसून राहिलो.

आपल्याकडे नव्या खुणांना कोण हसत नाही? पंचशीलाचा पाच रंगी झेंडा आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात दिसतो. तो १८८५ मध्ये कोलंबोच्या एका समितीने तयार केला, आणि कर्नल ऑल्कॉट या अमेरिकन माणसाने त्याचे आकारमान नीट करून दिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा. आमच्या गावातून पांढरे कपडे घालून निघालेली माणसे मला अंधुक आठवतात. नंतर गावात झेंडा लागला तेव्हा आमच्या आळीतल्या ओट्यांवर "हे काय नवीनच काढलं" असे बोलणे मी ऐकले आहे. बोलणाऱ्यांच्या डोक्यावर गांधी टोप्या होत्या. त्या टोपीला तेव्हा चाळीस वर्षेसुद्धा झालेली नव्हती.

आणि ओट्यावरच्यांना तरी मी काय नावे ठेवू? माझीच एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

जानेवारी १९८७. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे दिवस. आमच्याकडे कापूस विकायचा तो सरकारच्या एकाधिकार खरेदीतच, भाव सरकार ठरवणार, चुकारे मिळतील तेव्हा मिळतील. नोव्हेंबर ८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले होते, विदर्भातून गाड्या भरभरून बायका गेल्या होत्या. डिसेंबरात मराठवाड्यात सुरेगावला कापसाच्या आंदोलनात गोळीबार होऊन शेतकरी गेले. संघटनेची खूण म्हणजे छातीवरचा लाल बिल्ला. बस स्टँडवर, बाजारात, कापसाच्या गाडीवर, जिकडे पाहावे तिकडे लाल बिल्ला.

नववीतला एक मुलगा तो बिल्ला लावून वर्गात आला. सेलूकडच्या एका खेड्यातून सायकलने येणारा, अबोल, अभ्यासात बेताचा. मी त्याला उभे केले. "हे काय आहे?"

"बिल्ला, सर."

"शाळेत राजकारण चालणार नाही. काढ."

तो काढेना. मान खाली घालून उभा. मी जवळ गेलो आणि माझ्या हाताने पिन उघडून बिल्ला काढून घेतला. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच बोलले, "मंग सरचा खादीचा सदरा कोनचा हाय?" वर्ग हसला. मला राग आला. मी त्या मुलाला, बोलणाऱ्याला नव्हे, बिल्ला लावणाऱ्याला, तास संपेपर्यंत उभे ठेवले. बिल्ला टेबलाच्या खणात टाकला. परत द्यायचा हे माझ्या डोक्यातच आले नाही. पुढे टेबल बदलले, शाळेची इमारत वाढली. बिल्ला कुठे गेला कोण जाणे.

माझा सदरा खादीचा होता, माझ्या वडिलांची टोपी होती, ते राजकारण नव्हते. ते संस्कार होते. त्याचा बिल्ला सात-आठ वर्षांचा, म्हणून ते राजकारण. असा माझा इतिहासाचा अभ्यास!

फेब्रुवारीत, मफलर गुंडाळून मी सकाळी आर्वी नाक्यावर चहाला थांबलो होतो. एक गृहस्थ पाया पडले. पन्नाशी ओलांडलेले, डोक्यावर पांढरे केस. नाव सांगितल्यावर ओळख पटली. तोच. शेती करतो, एक मुलगी नर्सिंगला आहे. मफलरकडे पाहून म्हणाला, "सर, झ्याक दिसते मफलर. कुठची जी?" मी त्याला फुटबॉलवाल्यांचे सगळे सांगितले. तो हसून म्हणाला, "म्हंजे त्यायचा बिल्लाच म्हना."

मला चहा जाईना. मी म्हणालो, "तुझा बिल्ला मी परत केला नाही रे. चुकलं माझं."

त्याला सगळे आठवत होते. म्हणाला, "जाऊ द्या सर, लई दिवस झाले. आन तो माहा नव्हताच. मायचा होता. चांदवडहून लावून आली होती ते. म्या न इचारता उचलला, पोट्ट्यायले दाखवाले." घरी काय सांगितलेस, असे मी विचारले. "हरपला म्हनून सांगतलं. तुमचं नाव नाही घेतलं."

त्याने फार आग्रह केला म्हणून पुढच्या रविवारी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून त्याच्या गावी गेलो. आई ऐंशीच्या पुढची. अंगणात खाटेवर ऊन खात बसली होती. दृष्टी कमी झालेली, पण बोलणे खणखणीत. त्याने माझी ओळख करून दिली, आणि मी काही म्हणायच्या आत बिल्ल्याचेही सांगून टाकले. बाई रागावल्या नाहीत. मला जवळ बसवून घेतले आणि माझ्या गळ्यातल्या मफलरचे टोक दोन बोटांत धरून चोळून पाहिले.

"हा कापूस नाही बावा."

"नाही माय. लोकर आहे."

"हां." त्या मफलर सोडून थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मंग दुसरा भेटला मले बिल्ला. त्याची पिन तुटेल होती. त म्या सुईदोऱ्यानं लुगड्यालेच टाचून घेतला. धुवाले टाकलं तरी तो लुगड्यावरच राहे."